तिसऱ्या रांगेतल्या गोगलगाई

आमच्या प्राणिशास्त्र विभागात दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत. एक, फॉर्मॅलिनच्या बरण्या आणि दोन, किस्से. बरण्यांवरची लेबलं केव्हाच गळून पडलीत. आत साप आहे की गांडूळ हे छातीठोकपणे सांगणारं कोणी उरलेलं नाही, पण टाकायची हिंमत कोणाची? किश्शांचंही तसंच. एक काढायला जावं तर मागचे चार अंगावर येतात. नाशिकच्या थंडीत चहाचा दुसरा कप झाला की कोणीतरी म्हणतंच, "वाघ मॅडम, तो गोगलगाईंचा सांगा ना!"

माझं आडनाव वाघ. त्याचा या विभागात मला काडीचा उपयोग झालेला नाही.

गोगलगाईंचा किस्सा म्हणजे आमच्या योगिताच्या पीएचडीचा किस्सा. पण तो असा एकदम सांगता येत नाही. त्याआधी आमचे विभागप्रमुख खैरनार सर कळायला हवेत. सर सटाण्याकडचे. एरवी शुद्ध, छापील मराठी बोलतात. पण सर जेव्हा दारात उभं राहून "हाई काय शे?", म्हणजे 'हे काय आहे?', असं अहिराणीत विचारतात, तेव्हा ओळखायचं की आता कोणाचा तरी नंबर लागला! मग विभागातला प्रत्येक जीव आपापल्या परीने बचाव करतो. कोणाचा बचाव कसा, तेच आधी सांगते.

*

कुलकर्णी सर आमच्यातले सर्वात सज्जन. परीक्षा जवळ आली आणि सुपरव्हिजनच्या ड्यूट्या वाटायची वेळ झाली, की त्यांच्या मानेला पट्टा यायचा. आदल्या दिवशी मान मोकळी, दुसऱ्या दिवशी पट्टा! ड्यूट्या वाटून झाल्या की पट्टा गायब.

आम्ही कौतुकाने बघायचो. शिकाऱ्याची चाहूल लागली की शरीरावर कवच उगवतं, हे आम्ही मुलांना पुस्तकातून शिकवतो. इथे शेजारच्या खुर्चीवर प्रात्यक्षिक होतं.

खैरनार सरांनी एक-दोन परीक्षांना हे चालवून घेतलं. मग एकदा यादी वाचताना प्रेमाने म्हणाले, "कुलकर्णी, मान वळत नाही ना? उत्तम! सुपरव्हिजनमध्ये मान वळवायचीच नसते. समोर बघत बसायचं!"

पुढच्या परीक्षेला कुलकर्णी सरांच्या कमरेला पट्टा आला. "बसताच येत नाही हो सर."

"मग तर फारच छान. सुपरव्हिजन उभ्यानेच करायचं असतं!"

निसर्गात हे असंच चालतं. शिकार एक युक्ती काढते, शिकारी तिच्यावर दुसरी काढतो. सध्या कुलकर्णी सर दोन्ही पट्टे लावतात आणि सुपरव्हिजनही करतात.

*

आमच्या प्रयोगशाळेचे गांगुर्डे मामा पेठकडचे. त्यांना फार वर्षांपूर्वी एक ज्ञान झालं होतं. ज्याच्या हातात भरलेली बादली आहे, त्याला कोणी दुसरं काम सांगत नाही!

तेव्हापासून मामांच्या उजव्या हाताला बादली. सर व्हरांड्यात दिसले की मामा बादली घेऊन लगबगीने निघणार. वर ओलं फडकं टाकलेलं, खांदा एका बाजूला झुकलेला, चेहऱ्यावर ओझ्याच्या वेदना. सर म्हणायचे, "मामा, जरा त्या ऑफिसातून..." की मामा, "हे पानी ठिऊन आलो सर!" आणि जे जायचे ते जेवायच्या सुट्टीनंतर उगवायचे. बादली हा मामांचा अवयवच झाला होता.

एकदा सरांच्या केबिनमधली चहाची इलेक्ट्रिक किटली तापून तापून पेटली. खाली वर्तमानपत्रांचा ढीग, त्यानेही पेट घेतला. धूर बघून मी धावत जाऊन बटण बंद केलं, पण कागद जळतच होते. सर ओरडले, "मामा, पाणी!" नशिबाने मामा दारातच, हातात बादली, वर ओलं फडकं! सरांनी बादली हिसकावली आणि सगळी ताकद लावून ओतली.

बादलीतून फक्त फडकं पडलं.

कागद आम्ही सतरंजी टाकून विझवले. सर लालबुंद. "हाई काय शे? बादली रिकामी?"

मामा त्यांच्यापेक्षा चकित झाले. "आता सर, भरल्याली बादली रोज रोज कोन उचलंल?"

*

माझाही एक बचाव आहे, लपवण्यात अर्थ नाही. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. सर येताना दिसले की मी तो छातीशी कवटाळून चालू लागते. तपासायचं काम पडलेल्या बाईला कोण अडवणार? गठ्ठ्यातल्या सर्वात वरच्या उत्तरपत्रिकेचा मालक परवा कॉलेज रोडवर भेटला. कडेवर त्याची मुलगी होती. म्हणाला, "मॅडम, अजून तपासताय?"

*

थर्ड इयरला मी हाच विषय शिकवत होते. म्हटलं, काही प्राण्यांच्या अंगावर कवच कायम जाड नसतं. पाण्यात शिकाऱ्याचा वास आला तरच ते जाड होतं. शिकारी नसेल तर तो खर्च कशाला करायचा? आणि विचारलं, कोणी उदाहरण देईल का?

मालेगावचा आरिफ मागच्या बाकावरून म्हणाला, "मॅडम, हेल्मेट!"

"म्हणजे?"

"चौकात पोलीस दिसला की डोक्यावर उगवतं. चौक संपला की हँडलला. आमच्या गल्लीत तर एकच आहे मॅडम, तीन गाड्यांमध्ये. ज्याला नाशिकला यायचं, त्याला उगवतं!"

वर्ग हसला. मीही हसले. तेवढ्यात दारातून आवाज आला, "हाई काय शे?" आणि वर्ग गपगार. सरांनी आरिफला उभं केलं. प्राणिशास्त्राचं गांभीर्य, शब्दांचा काटेकोरपणा, यावर त्याला तासभर ऐकवलं. "हेल्मेट हा काय अवयव आहे?" असं तीन-तीनदा विचारलं. आरिफ मान खाली घालून उभा.

त्याच संध्याकाळी गंगापूर रोडच्या सिग्नलला माझ्या पुढे सरांची स्कूटर होती. सिग्नलपाशी पोलीस उभा. सरांनी डिकी उघडली, हेल्मेट काढलं, डोक्यावर ठेवलं, चौक ओलांडला, बाजूला थांबून काढलं आणि परत डिकीत टाकलं. माझ्या मागून एक मोटरसायकल सरांना समांतर गेली. वर आरिफ, आज त्याची पाळी असावी, डोक्यावर गल्लीतलं हेल्मेट.

"सर," तो अत्यंत आदराने म्हणाला, "अवयव आत गेला वाटतं!"

*

आता योगिता. मनमाडची पोरगी, वडील रेल्वेत. रोज गाडीने अप-डाउन. गाडी लेट झाली तर उभ्याउभ्याच रिसर्च पेपर वाचणारी. बोलायला इतकी मऊ की टबातल्या गोगलगाईलाही 'सरक ना जरा' म्हणून हलवेल. तिच्या गाइडपदी कोण? खैरनार सर! बाकी कोणाकडे जागा नव्हती, असं ती सांगते. त्यांच्याकडे जागा का होती, हे तिने विचारलं नाही.

तिचा प्रयोग सोपा आणि सुंदर होता. पाण्यातल्या गोगलगाईंची लहान पिल्लं घ्यायची, सारखी. एका रांगेतल्या टबांना साधं पाणी. दुसऱ्या रांगेला खेकड्याच्या टबातलं पाणी. खेकडा गोगलगाईंचं कवच फोडून खातो. पाण्यात खेकड्याचा वास आला की पिल्लांनी कवच जाड करायला हवं. साध्या पाण्यातल्यांची मात्र पातळच राहायला हवीत. दोन रांगांतला फरक दिसला की पीएचडी!

खेकडे मामांनी आणायचे ठरले. मामा पेठला जाऊन घरच्या ओहोळातले सहा मोठ्ठे खेकडे पकडून निघाले. विभागात एकच पोचला.

"बाकीचे?"

"लय चांगले हुते मॅडम," मामा हळहळून म्हणाले. "पन रस्त्यात रात झाली ना."

कवचाची ताकद योगिता त्यावर वजनं टांगून मोजायची. पण लोकांना झटकन दाखवायला म्हणून कुलकर्णी सरांचा अडकित्ता मागून घेतला. सरांची दुपारची सुपारी त्याच अडकित्त्यावर. रिकाम्या शंखावर तो दाबायचा, पातळ असेल तर कट्कन फुटतो, जाड असेल तर जोर लागतो. शिकवायला एकदम झकास. योगिता अडकित्ता दर वेळी घासून, उकळून परत द्यायची, पण सरांनी एकदा त्याच्या फटीत शंखाचा तुकडा पाहिला. या प्रयोगाने विज्ञानाचं किती भलं झालं ते पुढे येईलच, पण कुलकर्णी सरांची सुपारी कायमची सुटली!

*

काही प्रमुख दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसतात. आमचे बोट घालायचे.

खरंच बोट. सकाळी आल्या आल्या सरांची फेरी निघे. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक टबात, प्रत्येक काचेच्या टाकीत उजव्या हाताचं पहिलं बोट घालायचं, जरा ढवळायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं. पाणी ठीक आहे." भिंतीवर थर्मामीटर टांगलेला होता. सर त्याच्याकडे बघतही नसत. "थर्मामीटर खोटं बोलतो, बोट नाही," असं त्यांच्या गुरूंनी त्यांना सांगितलेलं. आम्ही नोकरीला लागलो तेव्हापासून ही फेरी आहे. तिला विभागाची परंपरा म्हणतात. परंपरा म्हटलं की प्रश्न विचारायचे नसतात, हे विज्ञान शाखेलाही लागू आहे.

योगिताच्या प्रयोगाचे महिने भरले आणि तिने कवचं मोजली. खेकड्याच्या पाण्यातली जाड निघाली. तिला आनंद झाला. मग साध्या पाण्यातली मोजली.

तीही जाड!

फरकच नाही. म्हणजे शोधच नाही. तिने सगळं मोडून पुन्हा मांडलं. नवी पिल्लं, नवे टब, पाणी उकळून गार केलेलं. पुन्हा तेच. साध्या पाण्यात, शिकारी नाही, वास नाही, तरी पिल्लं कवचं बांधून बसलेली.

माझ्या टेबलाशी येऊन ती म्हणाली, "मॅडम, यांना कशाची भीती वाटते तेच कळत नाही हो." आणि रडायला लागली. तिची नोंदणीची मुदत संपत आली होती, वाढवून मिळालेलीसुद्धा. वर सरांची निवृत्ती तोंडावर. सर गेले की नवा गाइड, म्हणजे पहिल्यापासून सगळं. मनमाडला आई रोज विचारायची, "गोगलगाई किती हळू चालतात गं तुझ्या?" मला तिची फार दया आली, आणि काही सुचेना म्हणून मी तिला चहा पाजला.

*

मग सर ऑस्ट्रेलियाला गेले. मुलाकडे, नातवाच्या बारशाला. चांगल्या लांबलचक मुक्कामाला.

त्या दिवसांत विभागात काय सुख होतं! कुलकर्णी सरांचा पट्टा खुंटीला लागला. माझा गठ्ठा कपाटावर गेला. मामांनी बादलीत माती भरून पुदिना लावला. आणि एके दिवशी योगिता ओरडत आली, "मॅडम! पातळ!"

साध्या पाण्यातल्या नव्या पिल्लांची कवचं कागदासारखी पातळ! खेकड्याच्या पाण्यातली जाड. अगदी पुस्तकात असतं तसं. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने अडकित्ता दाबून पाहिला. कट्! कट्! इतका गोड आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. आता एकच करायचं, हीच पिल्लं पूर्ण वाढेपर्यंत ठेवायची.

आणि सर परत आले. त्या सकाळी मी दारातून आत पाहिलं तर कुलकर्णी सरांच्या मानेला पट्टा होता आणि मामा व्हरांड्यात पुदिना उपटत होते.

सरांनी प्रवासाचं वर्णन केलं. "तिथे एक प्रचंड मत्स्यालय आहे. मी बोट घालायला गेलो तर गार्डने अडवलं. सुधारलेला देश म्हणे!" मग फेरीला निघाले. योगिता मागे उभी राहून बघत होती. सर आधी खेकड्याच्या टबापाशी गेले. खेकडा कोपऱ्यात. सरांनी बोट घातलं, ढवळलं. "हं." आणि तेच ओलं बोट घेऊन साध्या पाण्याच्या रांगेत. पहिला टब, दुसरा टब, तिसरा...

योगिताचा चेहरा पांढराफटक पडला. मीही तेव्हाच समजले. खेकड्याचा वास सर स्वतःच्या बोटाने रोज सकाळी घरपोच देत होते!

*

आता सांगायचं कोणी?

कॅन्टीनमध्ये बैठक झाली. कुलकर्णी सर म्हणाले, "मी सांगतो. स्पष्ट सांगतो. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे." मी म्हटलं, मीही येते. मामा म्हणाले, "मी हाय ना पाठीशी." ठरलं. सगळे मिळून केबिनमध्ये शिरलो.

सरांनी मान वर केली. "काय?"

कुलकर्णी सरांचा हात मानेकडे गेला. "सर, जरा मान..." मामांनी कोपऱ्यातली बादली उचलली. "हे पानी ठिऊन आलो." माझ्या छातीशी गठ्ठा होता. तो मी येताना कपाटावरून का काढला, देव जाणे.

उरली योगिता. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि म्हणाली, "सर, पाणी ठीक होतं ना?"

"एकदम!" सर म्हणाले.

बाहेर आल्यावर कोणी कोणाकडे बघेना. इतकी विद्वान माणसं, आणि एका बोटाबद्दल बोलता येईना. मला आमची सगळ्यांची लाज वाटली. योगिता मात्र रडली नाही. ती खिडकीतून टबांकडे बघत म्हणाली, "मॅडम, थांबवता येत नसेल तर प्रयोगातच घालू."

*

गोगलगाय नि पोटात पाय, असं म्हणतात ते काही उगाच नाही!

दुसऱ्या दिवशी ती एकटी केबिनमध्ये गेली. दार उघडं होतं, मी बाहेर गठ्ठा घेऊन उभी. ती म्हणाली, "सर, प्रयोगात एक तिसरी रांग घ्यावी म्हणते. हिच्यात खेकड्याचं पाणी नाही. फक्त तुमचं बोट."

"माझं?"

"हो सर. अनुभवी हाताच्या हाताळणीचा परिणाम. फक्त आधी साबणाने हात धुवायचा, आणि बाकीच्या टबांत बोट घालायचं नाही. नाहीतर तुमचा परिणाम त्यांच्यात मिसळेल सर. शुद्ध राहणार नाही."

सर खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी त्यांच्या नातवाच्या फोटोंच्या वेळीही पाहिलं नव्हतं. "मी तुला पहिल्यापासून सांगत होतो," ते म्हणाले, "या विषयात नावीन्य कमी पडतंय."

खेकड्याचा टब उचलून व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. जाळीआड, कुलूप लावून. किल्ली योगिताकडे. साबण नवा कोरा आणला. रोज सकाळी सर लहान मुलासारखे कोपरापर्यंत हात धुवायचे, योगिता टॉवेल धरायची, आणि सर फक्त तिसऱ्या रांगेत बोट घालायचे. "हं. पाणी ठीक आहे."

योगिताचा हिशोब सरळ होता. तिसरी रांग म्हणजे सरांना गुंतवून ठेवायचं खेळणं. बोट स्वच्छ, वास नाही, म्हणजे कवचं पातळ येणार. पहिली रांग सुटली, प्रयोग वाचला!

महिने झाले. पहिली रांग, साधं पाणी, कवच पातळ. दुसरी रांग, खेकड्याचं पाणी, कवच जाड. योगिताने देवाला नारळ बोलला. मग तिसरी रांग मोजायला घेतली. मोजता मोजता तिचं टांगायचं वजन संपलं. तिने शेजारच्या फिजिक्सवाल्यांकडून आणखी आणलं. तेही संपलं.

तिसऱ्या रांगेची कवचं खेकड्यावाल्यांपेक्षा जाड होती! शंखाचं तोंड अरुंद झालेलं, आणि गोगलगाय आत गेली की तोंडावर जे झाकण लावते, ते दारही भक्कम. विभागात असली कवचं कोणी पाहिली नव्हती.

"मॅडम, हे प्रबंधात लिहू?" तिने विचारलं.

"खरं आहे ना?"

"तीनदा मोजलंय."

"मग लिही," मी म्हटलं. सांगायला माझं काय जात होतं?

तिने लिहिलं. 'हाताळणी गट' असं गंभीर नाव दिलं. सरांनी पहिल्या पानावरचे स्वल्पविराम दुरुस्त केले आणि शेवटच्या पानावर सही केली. मधली पानं त्यांनी परंपरेवर सोडली.

*

मौखिक परीक्षेला बाहेरगावहून एक बाई आल्या. पांढरे केस, सुती साडी, आवाज बारीक आणि नजर सुईसारखी. त्यांनी प्रबंध ओळ न् ओळ वाचलेला. आमच्याकडे अशी माणसं सहसा येत नाहीत, त्यामुळे आमची धांदल उडाली.

"मला टब बघायचेत," त्या म्हणाल्या. सगळा लवाजमा प्रयोगशाळेत गेला. योगिता पुढे, तिची आई मनमाडहून खास आलेली, ती दाराशी पदर तोंडाला लावून. भिंतीला टेकून आम्ही, पट्टा, बादली आणि गठ्ठा. सर टबांच्या शेजारी, यजमानासारखे.

बाईंनी अडकित्ता हातात घेतला. पहिल्या रांगेतला रिकामा शंख. कट्! दुसऱ्या रांगेतला. जोर लावला, कट्. "छान," त्या म्हणाल्या. तिसऱ्या रांगेतला घेतला. दाबला. पुन्हा दाबला. दोन्ही हातांनी दाबला. अडकित्त्याचा खिळा सैल झाला, शंख तसाच.

"या गटाला शिकारी कोणता होता?"

"शिकारी नव्हता मॅडम," योगिता म्हणाली. "खेकड्याचं पाणी नव्हतं."

"वासही नव्हता?"

"नाही मॅडम. साबणाने धुतलेलं बोट फक्त."

"मग यांनी कवच केलं कोणासाठी?"

योगिताला उत्तर माहीत होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण ज्याचं नाव घ्यायचं तो हातभर अंतरावर उभा होता, आणि निकालावर त्याचीही सही हवी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी गठ्ठ्याकडे बघितलं. दाराशी तिच्या आईने डोळे मिटून घेतले. बाई थांबल्या होत्या. उत्तर नाही म्हणजे पीएचडी नाही, इतकं सरळ होतं.

"बोट म्हणजे असं?" असं म्हणून बाईंनीच तिसऱ्या रांगेतल्या टबात आपलं बोट घातलं. गोगलगाई पालकाची पानं खात होत्या, पाय पसरून, शिंगं बाहेर काढून. एकीलाही फरक पडला नाही. एक तर सरकत आली आणि बाईंच्या नखावर चढली.

"काहीच होत नाही की!" बाई म्हणाल्या.

"तुमचं चुकतंय," सर पुढे झाले. "त्याला सवयीचा हात लागतो. बघा, मी दाखवतो."

सर बेसिनपाशी गेले. कोपरापर्यंत हात धुतले. योगिताने टॉवेल दिला. सर टबापाशी आले, बाही सरसावली, आणि बोट पुढे करून वाकले.

बोट अजून पाण्याला लागायचं होतं.

टक्. टक्. टक्टक्टक्! एका टबातल्या, शेजारच्या टबातल्या, अख्ख्या तिसऱ्या रांगेतल्या गोगलगाईंनी दारं लावून घेतली. पाय आत, शिंगं आत. पालकाची पानं नुसतीच तरंगत राहिली.

बाईंनी टबाकडे पाहिलं. मग सरांच्या बोटाकडे. मग सावकाश मान वळवून भिंतीशी उभ्या असलेल्या आमच्याकडे पाहिलं. कुलकर्णी सरांच्या पट्ट्याकडे, मामांच्या बादलीकडे, माझ्या गठ्ठ्याकडे. त्यांनी पर्समधून पेन काढलं, निकालाच्या कागदावर सही केली आणि तो सरांच्या पुढे सरकवला.

"मला आणखी काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "अभिनंदन, डॉक्टर योगिता!"

सरांनीही सही ठोकली. मग बोट टॉवेलला पुसत, अभिमानाने फुलून बाईंना म्हणाले, "बघितलंत? मला बरोबर ओळखतात!"